ओव्हनमधली डिस्क

"ओव्हन पेटवायच्या आधी कुणी आत बघत नाही का गं?" एलादिओ साहेबांनी विचारलं, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

हसू नाहीतर काय येणार? टेबलावर जुन्या पेपरावर ऑफिसची बॅकअपची हार्ड डिस्क पडलेली, म्हणजे तिचं जे काय उरलं होतं ते. एका अंगानं मेणबत्तीसारखी ओघळलेली, आणि वर चक्क पेरूच्या केकचा वास!

ऑफिसात त्यांच्या हाताखाली काम करणारी मिग्दालिया समोर उभी, पर्स पोटाशी धरून. "न्यूयॉर्कची पोर आहे हो ती. पुतण्याची बायको. माझ्या वाढदिवसाला केक करून चकित करणार होती. मी चर्चमध्ये, आणि हिनं इकडं ओव्हन लावला तापायला. तिकडं म्हणे ओव्हन रिकामाच असतो."

"रिकामा? मग कढया ठेवतात कुठं?"

खरंच की! आपल्या बेटावर ओव्हनमध्ये भाजतंय कोण? सगळ्या घराची भांडी त्यातच. मिग्दालियाच्या ओव्हनमध्ये खाली भाताचा टोप, वर कढया, आणि मधल्या जाळीवर टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. लोखंडी, कोरडी जागा, आणि चोराला सात जन्मात सुचायची नाही! त्यांचं जमीन मोजणीचं ऑफिस नदीला चिकटून, तिचं घर वर टेकडीवर. म्हणून रोज संध्याकाळी साहेब सगळे नकाशे डिस्कवर उतरवायचे, ती डिस्क पर्समध्ये टाकून घरी न्यायची, सकाळी परत आणायची. वर्षानुवर्षं. दुसरी सिस्टीमबिस्टीम काही नव्हती. मिग्दालिया हीच सिस्टीम.

आणि हसू नका हं, चालली ती! मोठं वादळ आलं तेव्हा नदी ऑफिसात छतापर्यंत चढली, कॉम्प्युटर चिखलात गेले. पण गावाची सगळी जमीन हिच्या ओव्हनमध्ये कोरडीठाक! साहेबांनी कुठूनसा एक कॉम्प्युटर आणला, जनरेटर टेकडीवर चढवला, आणि हिच्या जेवणाच्या टेबलावर ऑफिस सुरू. ज्यांच्या भिंतीसुद्धा उडाल्या होत्या ते दारात रांग लावून उभे, आपलं घर कुठं होतं त्याचा कागद मागायला. त्याशिवाय सरकारी मदत मिळत नव्हती.

आणि आतल्या खोलीत होता नांदो. तिचा नवरा. नाकाला विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजन मशीनची नळी. बेटावर महिनोन् महिने लाईट नाही, असल्या मशीनवरची माणसं पटापट जात होती, आणि ह्यांच्या घरात जनरेटर! एक वायर कॉम्प्युटरला, दुसरी दाराखालून नांदोच्या मशीनला. तो आतून ओरडायचा, "मिग्दा, त्या डिस्कचा माझ्यातर्फे एक मुका घे गं! तिच्या जिवावर श्वास घेतोय मी!" रांगेतली माणसं हसायची. तीही हसायची, आणि मग उगाचच स्वयंपाकघरात जायची.

शेवटी लाईट आली, जनरेटर खाली गेला, ऑफिसही परत नदीकाठी गेलं. नांदो त्याच्या पुढच्या वर्षी गेला, झोपेत, आपल्याच उशीवर. मधला तो सगळा काळ त्या डिस्कनं दिलेला. पण हे कुणाला सांगणार, आणि कसं? ती नुसती रोज रात्री डिस्कला टॉवेल गुंडाळायची आणि कडा नीट आत खोचायची. पांघरुणाच्या खोचतात तशा.

आता नशीब असं, की कॉम्प्युटर धडधाकट होता. गेला काहीच नाही. फक्त पुढं बॅकअप कशावर ठेवायचा ते ठरवायचं होतं, आणि त्यासाठी राजधानीतून, सान हुआनहून, यादिएल नावाचा कॉम्प्युटरवाला पोरगा आलेला. बूट असे चकचकीत!

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक तर नवी डिस्क घ्या, आणि मावशी नेतील घरी. ओव्हन सोडून कुठंही."

"फ्रीजमध्ये ठेव आता," साहेब म्हणाले.

"नाहीतर इंटरनेटवर. प्रत आपोआप जाते, लांब, बेटाच्या बाहेर."

साहेब मिग्दालियाकडे वळले. "तू सांभाळलीस इतकी वर्षं. तू म्हणशील ते घेऊ. मी मधे बोलणार नाही."

झालं! एका शब्दात डिस्क परत घरी आली असती. जीभ तयारच होती तिची. पण तिनं विचारलं, "वादळ आलं तर? लाईट नाही, नेट नाही, तेव्हा रे?"

"प्रत बाहेरच असते ना, मावशी. पुराला हात लावता येत नाही. जिथं सिग्नल मिळेल तिथून उघडायची. कुणाच्या घरी जनरेटर चढवायला नको."

त्या बिचाऱ्याला काय माहीत! साहेब मात्र एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

मिग्दालियानं पर्सचा बंद उघडला, परत लावला. पोरगा खोटं बोलत नव्हता. आणि आतल्या खोलीत आता होतं कोण, वायर लागायला?

"हेच घ्या," ती म्हणाली. "नाहीतरी माझ्याकडं फार पाहुणे येतात."

संध्याकाळी निघताना ती सवयीनं साहेबांच्या टेबलाशी थांबली, पर्स उघडी धरून. साहेबांनी ड्रॉवरकडे हात नेला, आणि हात तसाच राहिला. मग म्हणाले, "सावकाश जा गं."

घरी जाईलीननं, म्हणजे त्या सूनबाईनं, ओव्हन घासून लख्ख केलेला. सगळी भांडी जमिनीवर, आणि पोरीचे डोळे अजून सुजलेले. "काकू, काय कुठं होतं सांगा. तस्संच लावते."

मिग्दालिया तिच्याशेजारी खाली बसली. भाताचा टोप खाली. कढया वर.

"आणि मधल्या जाळीवर?"

"तिथं काही नको."

आणि तिनं ओव्हनचं दार हळूच लावलं, आत कुणाची तरी झोप मोडेल तसं.