मालुबाईंनी शिवलेले कप्पे

मित्रांनो, निपाणीतल्या एका शाळेच्या कपाटात घडी होऊन पडलेला मी एक जुना कापडी तक्ता आहे. माझ्या अंगभर कप्पे आहेत. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या मालुबाईंनी ते सुट्टीच्या दिवशी घरी बसून शिवले. त्यांची लेक तेजस्वी इथेच नववीत होती. माझ्या कापडाला तंबाखूचा वास राहिला होता. मुलं नाक दाबून हसू लागली, तेव्हा तेजस्वी पटकन म्हणाली, "शिंप्याकडनं आणलाय."

गोमटेश सर इंग्रजी शिकवत. मागे काय घडलं ते नक्की ठाऊक नसेल, तर 'मे हॅव', 'माइट हॅव' म्हणायचं, असं ते सांगत. त्या शब्दांची कार्डं माझ्या कप्प्यांत असत. वर्गातला ओमकार आला नाही की मुलं कार्ड उचलून अंदाज करत. बस चुकली असेल, ताप आला असेल. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटे.

पालकसभेला सगळ्यांच्या घरचे आले, मालुबाई तेवढ्या आल्या नाहीत. सरांनी गमतीनं विचारलं, "तेजस्वी, आई का आली नसेल गं? लाव बघू कार्ड."

तिनं 'मे हॅव' उचललं आणि खाली मान घालून म्हणाली, "विसरली असंल, सर."

मालुबाई तोवर दारात येऊन उभ्या होत्या. शेजारणीकडून सभेचं कळताच त्या वखारीतून तशाच आल्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. "व्हय सर. पोरीनं सांगितलं हुतं. माझ्याच ध्यानातनं गेलतं."

तेजस्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंदाजाचे शब्द ठाऊक नसणाऱ्यासाठी असतात, आणि तिला तर सगळं ठाऊक होतं. त्या माउलीचे टाके अंगावर मिरवणाऱ्या मलाही तोंड लपवावंसं वाटलं.

तिनं कार्ड परत कप्प्यात ठेवलं. "आई विसरली न्हाय, सर. मीच सांगितलं न्हाय. वखारीच्या लुगड्यावर ती इथं येईल, म्हणून मला लाज वाटत हुती." मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "आणि ह्यो तक्ता शिंप्यानं न्हाय, आईनं शिवलाय."

कुणी हसलं नाही. मालुबाई पुढे आल्या, माझा एक उसवलेला कप्पा त्यांनी बोटांनी चाचपला. "द्या सर, घरी न्हेते," एवढंच त्या म्हणाल्या.

आता वर्गात मोठा पडदा आलाय आणि मी कपाटात आहे. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, कसरीपासून जपा. पण तंबाखूचा वास जाईल असं मला कधी धुऊ नका.