बोटभर लोखंडाचं पान

पहिल्या दिवशी मी हिल्डिंगच्या लोहारशाळेत वेल्डिंगचा मुखवटा काखेत मारून गेले, तेव्हा म्हातारा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

"हे काय गं टीरा? चंद्रावर निघालीस?"

"वेल्डिंगच्या वर्गात पहिली आहे मी," मी फणकाऱ्याने म्हटलं. खोटं नव्हतं. सोळाव्या वर्षी माझ्याइतकी सरळ शिवण घालणारं आमच्या खोऱ्यात कोणी नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत फिरायची.

"मग इथे कशाला तडमडलीस?"

"पान करायचंय. पप्पांचं."

हिल्डिंगने खोकणं आवरलं, खुंटीवरचा चामड्याचा एप्रन काढला आणि माझ्या अंगावर फेकला.

आमच्या चर्चच्या आवारात दर घराचा एक लोखंडी क्रूस असतो. त्याला झाडासारख्या फांद्या, आणि घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचं त्या फांद्यांवर एक लोखंडी पान. वारा सुटला की पानं वाजतात. पान त्या माणसाने हाताळलेल्या लोखंडाचं हवं, घडवणारं घरातलं हवं, आणि माणूस गेल्यावर येणाऱ्या पहिल्या सर्वसंतांच्या शनिवारी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर गेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, ते चढवायचं. तो शनिवार हुकला की फांदी रिकामी राहते, कायमची. पप्पा मार्चमध्ये गेले. ओंडक्यांनी भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला नीट लावून, हँडब्रेक ओढून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून गेले. आता ऑक्टोबर लागला होता. आई म्हणाली होती, "मी हात लावणार नाही. ते पान चढलं की स्टूरे खरंच गेला." म्हणजे उरले मी एकटी.

लोखंड होतं. पप्पा तरणे असताना नदीतून ओंडके सोडायचे, तेव्हाच्या लांब काठीच्या टोकाचा आकडा. जुनं, मऊ लोखंड, माझ्या वितीएवढं. तेवढंच.

"त्याला आत्ता हात लावायचा नाही," हिल्डिंगने बजावलं. "आधी भंगार मार."

तीन आठवडे मी भंगार मारलं. खिळे, आकडे, आणि पानं म्हणावीत अशी कसलीतरी थोबाडं. लोखंड ऐरणीवर हातोड्याखाली लोण्यासारखं दबतं हे मला ठाऊकच नव्हतं! शाळेत आम्ही लोखंड कापतो, चिकटवतो, घासतो. इथे ते वळत होतं, लांब होत होतं, माझं ऐकत होतं. पहिल्यांदा देठ सरळ निघाला तेव्हा मी एकटीच मोठ्याने "अरे बापरे!" म्हणाले. हिल्डिंग नुसता भाता ओढत राहिला, पण कान माझ्याकडेच होते त्याचे.

एकच गोष्ट मला सोसत नव्हती. तिथला काळोख. खिडक्यांच्या झडपा दिवसाढवळ्या बंद. जळता कोळसा सोडला तर उजेड नाही. माझे घाव सारखे चुकायचे.

"एखादा दिवा लाव की. दिसत नाही मला."

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हातारा म्हणायचा आणि विषय संपायचा.

खरी पंचाईत पान टांगायच्या कडीची होती. पानाचा देठ वळवून त्याचं टोक परत देठालाच जोडायचं. जोड कच्चा राहिला तर पान वाजत नाही, खडखडतं. मी म्हटलं, यात काय, शाळेत नेऊन वेल्डिंग करते. एका भंगाराच्या पानावर करून बघितलं. जोडावर हा एवढा गोळा बसला, आणि पान वाजवलं तर ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा आवाज. हिल्डिंगने ते उचलून भंगाराच्या ढिगात टाकलं, ते जास्त लागलं.

मग त्याने मला ते दाखवलं. दोन जुन्या पट्ट्या घेतल्या, टोकांवर टाकणखार, जोड स्वच्छ ठेवणारी पांढरी भुकटी, भुरभुरवला आणि भट्टीत सारल्या. लाल झाल्या, केशरी झाल्या, पिवळ्या झाल्या. मी म्हटलं, आता. तो म्हणाला, "थांब." मग त्या उजळ, इतक्या उजळ झाल्या की लोखंड ओलं दिसायला लागलं. चकाकत होतं, थरथरत होतं. एक ठिणगी उडाली, एकच, आणि त्याने पट्ट्या ऐरणीवर घेतल्या, एकीवर दुसरी ठेवली आणि तीन घाव घातले. हलके! अंडं फोडावं तसे.

निवल्यावर पट्टी त्याने माझ्या हातात दिली. "जोड कुठाय, शोध."

मी अंगठा फिरवला, नख लावलं, दारात उजेडात नेऊन बघितलं. दोन होत्या, माझ्या डोळ्यांदेखत दोन होत्या, आणि आता एक होती. मध्ये काही भरलेलं नाही, वितळवून ओतलेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी जन्मभर वेल्डिंगमधली पहिली म्हणून मिरवत होते आणि मला दोन वस्तू एक होताना बघायला मिळाल्याच नव्हत्या. "हे कसं काय होतं?" मी विचारलं.

"साठ वर्षं हेच करतोय, अजून कळलेलं नाही," हिल्डिंग म्हणाला. "कॉफी ठेव."

सर्वसंतांच्या आधीच्या गुरुवारी तो मूस हरणाच्या शिकारीला गेला. दुपारी परततो म्हणाला, किल्ली दिली, आणि वर, "आकड्याला हात लावू नकोस." मी मान डोलावली. पण त्या दिवशी सकाळी पहिला बर्फ पडला होता, सगळं लख्ख, आणि माझे हात शिवशिवत होते. आठवडाभर माझा भंगारावरचा प्रत्येक जोड जमला होता. म्हटलं, म्हातारा येईपर्यंत पान तयार करून त्याच्या तोंडावर मारते. भट्टी पेटवली. आणि एवढ्या दिवसांची खुन्नस काढली. सगळ्या झडपा उघडल्या.

बर्फाचा उजेड धबाधबा आत आला. वा! ऐरण दिसत होती, हातोड्याचं तोंड दिसत होतं. पप्पांचा आकडा भट्टीत घातला, भाता ओढला. बाहेर काढून बघितलं तर जेमतेम लाल. परत घातला. बघितलं, केशरी. अजून नाही, म्हटलं, अजून पिवळं व्हायचंय. भाता ओढत राहिले.

आणि आकडा पेटला. लोखंड पेटलं! ठिणग्यांचा फवारा फुटला. मी ओढून ऐरणीवर आणला तर टोक भाकरीच्या जळक्या पापुद्र्यासारखं गळून पडलं. एक घाव घातला, अजून गळलं. तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं. उन्हात चुलीचा जाळ दिसत नाही. मला केशरी दिसत होतं ते केव्हाच पांढरं झालेलं होतं. म्हातारा काळोखात बसायचा तो लोखंडाचा रंग वाचायला.

हिल्डिंग आला तेव्हा मी ऐरणीपाशी जमिनीवर बसले होते. त्याने उघड्या झडपा बघितल्या, ऐरणीवरचा चुरा बघितला. मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या.

"किती उरलं?"

मी दाखवलं. बोटभर.

तो कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेला आणि तसाच एक जुना आकडा घेऊन आला. "हाही त्याच नदीवरचा. पान पानासारखं होईल. कुणाला कळणार आहे?"

मोह झाला, खोटं का बोलू! बाकीच्यांची पानं तळहाताएवढी. आईला काय दाखवू? तो आकडा मी हातात घेतला. चांगला होता. पण पप्पांनी त्याला कधी हात लावला नव्हता.

"मला कळेल," मी म्हटलं.

"मग बोटभराचं कर," हिल्डिंग म्हणाला आणि एकेक करून झडपा लावायला लागला.

बारीक लोखंड पटकन जळतं. दुसरी संधी नाही. मी देठ ओढला, गवताच्या काडीसारखा. पान पातळ केलं, इतकं की मला भीती वाटत होती. कडी वळवली, टाकणखार लावला. आता काळोख माझ्या बाजूने होता. लाल. केशरी. पिवळं. हिल्डिंग भाता इतका हळू ओढत होता, की जणू कुणी झोपलंय. मग ते ओलं झालं. इवलंसं टोक, चकाकणारं, थरथरणारं. मी श्वास सोडला नाही. एक ठिणगी.

तीन घाव. हलके.

निवल्यावर मी नख फिरवलं. जोड नव्हता. मी रडायला लागले आणि हिल्डिंग म्हणाला, "बाहेर जाऊन रड, ऐरण गंजते," आणि स्वतःच बाहेर जाऊन उभा राहिला.

शनिवारी चारलाच अंधारून आलं. आवारभर थडग्यांवर मेणबत्त्या लागल्या. आई येणार नव्हती. तरी आली, फाटकाशी थबकली, मग माझ्यामागून चालत आली. मी पान आजीच्या पानाशेजारी अडकवलं. नखाएवढं दिसत होतं. वारा नावाला नाही. दुसऱ्या कुणाचंच पान हलत नव्हतं, तर आमचं काय हलणार.

"एवढंसंच?" आई म्हणाली.

"बाकीचं मी जाळलं. चूक माझी आहे. उरलं ते एवढंच."

आईने हातमोजा काढला, हात लांब केला आणि पानाला टिचकी मारली.

टिंऽऽग. बारीक, उंच, आणि थांबेचना. मोठ्या पानांपैकी कुणाचाच असा आवाज नव्हता.

आईने तोंडावर हात ठेवला. "अगं," ती म्हणाली, "हा तर स्टूरे बोलला!" आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येत असताना. "शंभर किलोचा गडी, आणि फोन उचलला की लोक विचारायचे, बाई, घरात कुणी पुरुषमाणूस आहे का? किती चिडायचा! सात महिने झाले टीरा, मला त्याचा आवाज आठवत नव्हता. चेहरा आठवायचा, आवाज नाही. कुणाला सांगितलं नाही मी."

तिने परत टिचकी मारली. मग म्हणाली, "आता तू मार."

मी मारली. मग तिने. मेणबत्त्या अर्ध्या होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून आळीपाळीने पप्पांना बोलतं ठेवत होतो.