न पोचलेला फार्म

रायपुरात पौषातल्या सकाळी भनपुरीकडच्या कारखान्यांच्या धुराड्यांचा धूर धुक्यात मिसळे आणि आमच्या पाऱ्यावर, म्हणजे वस्तीवर, राखेच्या रंगाचं एक जड पांघरूण पडून राही. त्या पांघरुणाला पहिलं भोक पाडायचा तो रत्नमालेचा आवाज. सार्वजनिक नळापाशी, घागरींच्या रांगेशेजारी, कमरेवर हात ठेवून ती उभी असे. आवाज मोठा नव्हता. पितळेवर नखानं टिचकी मारावी तसा होता, नितळ, आणि वाजून गेल्यावरही हवेत थोडा वेळ थांबणारा.

"फुलबाई, तुमची घागर तिसरी. पुढं सरकवली तं मले दिसते."

शेजारची फुलबाई, जन्माची छत्तीसगढी, हसून म्हणे, "हव दीदी, तोर राज हे!"

रत्नमाला माझी बायको. गेल्या मार्गशीर्षात गेली. तिचं राज्य नळापुरतंच राहिलं, आणि ते कोणामुळं राहिलं, हे लिहायला बसलो आहे.

बोलताना तिचा उजवा हात सुपात धान पाखडावं तसा हलायचा. खरं एका बाजूला, फोल एका बाजूला. दुपारचं ऊन दारातून आत आलं की ती त्या उजेडाच्या पट्ट्यात बसून पाऱ्यातल्या बायांचे अर्ज लिही. कोणाचं रेशन, कोणाची पेन्शन, कोणाच्या पोट्टीची शाळा. दहावीपर्यंत शिकली होती, माझ्याहून तीन वर्गांनी जास्त. लिहिताना खालचा ओठ दातात धरायची आणि नाव लिहून झालं की त्यावर हलकेच फुंकर घालायची, शाई वाळवल्यागत, जरी पेन ओल्या शाईचा नसे. दुसऱ्याच्या नावाला इतकं जपणारं माणूस मी पाहिलं नाही.

त्याला कारण तिची आजी. देशात पहिल्यांदा सगळ्यांना मत मिळालं तेव्हा यादी लिहायला गावात माणूस आला होता. परक्या पुरुषाला बाईनं आपलं नाव सांगायचं नाही ही तेव्हाची रीत. आजी पदराआडून बोलली, "लिहा, महादेवची बायको." अशा अमक्याची बायको, तमक्याची माय लिहिलेल्या कितीक बाया मग यादीतून गळून पडल्या. राजाला एक मत अन् रंकाला एक मत असा दिवस उगवला, गाव बैलगाड्या जुंपून मतदानाला गेलं, आणि आजी चुलीपाशी भाकरी थापत बसली. रत्नमाला हे रडून सांगत नसे. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांना विहिरीचा धोका सांगावा तसं सांगे. स्वतःचं नाव तर ती पूर्ण सांगायची, छाती भरून, जसा काही समोरचा बहिरा आहे.

ते नाव मात्र माझ्या गावच्या यादीत होतं. गाव गोंदियाकडचं. मी रायपुरात वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागलो, संसार इथं मांडला, माझं नाव इथल्या यादीत आणलं, पण तिचं गावात ठेवलं. माझा थोरला भाऊ ग्रामपंचायतीला उभा राही. घरचं एक मत घरात राहावं म्हणून. रेल्वेचा पास होताच. दर निवडणुकीला मी तिला गाडीत बसवून द्यायचो, आणि ती डोंगरगडचे डोंगर ओलांडून, जिथं ती राहत नव्हती त्या गावाच्या कारभारासाठी मत टाकून यायची. जिथं ती पाणी भरायची, जिथल्या नालीचा वास तिच्या लुगड्याला लागायचा, तिथं तिला मत नव्हतं. आम्हा लोकांत ही गोष्ट चूक म्हणून कोणी मोजत नसे. बाईचं माहेर सुटते, मत सासरी जाते, एवढंच.

चौदा वर्षांमागं महापालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. पळसाला एका रात्रीत कळी धरावी तशी पाऱ्यातल्या बायांनी हिंमत धरली. फुलबाई म्हणाली, पार्षद, म्हणजे नगरसेवक, होईल तं दीदीच होईल. रत्नमालेनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी, उभं राहायला नाव इथल्या यादीत लागते म्हणून, ते गावाहून इकडं आणायचा फार्म आणला. स्वतः भरला. फुंकर घातली. मला सदर बाजारात घड्याळ दुरुस्तीला टाकायचं होतं, कचेरी पुढंच, म्हणून माझ्या हाती दिला.

त्याच सकाळी भावाचा फोन आला होता. "रत्नाचं नाव एवढी खेप इकडंच राहू दे, बा. मागं चार मतांनी पडलो."

मी घड्याळ टाकलं. कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकाबाहेर एक चिंच होती, तिच्या सावलीत उभा राहून बिडी ओढली, आणि वापस आलो. फार्म पेटीत, जुन्या वर्दीखाली ठेवला. वाटलं, भावाची निवडणूक झाली की देऊ. आपल्या इथली तं नंतर आहे.

"अवो, देल्ला फार्म?"

"देल्ला."

"पावती?"

"मागून देतो म्हणे."

तिनं माझ्याकडं विश्वासानं पाहिलं. दिवा लावताना ज्योतीभोवती हात धरावा तसं ते पाहणं होतं. त्या उजेडात मी खोटा बसलो होतो.

गावचं मतदान आलं तेव्हा म्हटलं, अजून नाव तिकडंच असेल, टाकून ये. ती म्हणाली, "काहून? माझं नाव आता इथं. तिथं टाकलं तं ते खोटं मत होईल." आणि गाडीत बसली नाही. ज्या मतासाठी मी तिला फसवलं ते भावालाही मिळालं नाही. तो त्या खेपेला तसाच निवडून आला, भरपूर मतांनी. मला वाटलं आता उठावं आणि फार्म द्यावा. पण उशीर कसा झाला हे कचेरीत सांगता आलं असतं, घरी काय सांगणार? या विचारात तारीख गेली.

उमेदवारी भरायच्या दिवशी ती मोरपिसी लुगडं नेसली होती. पाऱ्यातल्या बाया सोबत, फुलबाई पुढं, मी मागं सायकल धरून. टेबलापलीकडच्या माणसानं यादी उलटली, पुन्हा उलटली.

"दीदी, आपका नाम तो इसमें है ही नहीं."

"बराबर देखो जी. फार्म दिया था. इन्होंने दिया था."

आणि ती वळली. त्या वळण्याचं वर्णन मला आजही करता येत नाही. शेतात काम करता करता बाई एकदम थांबते, दूर कुठं आपलं लेकरू रडलं काय म्हणून कान देते, तशी ती माझ्या तोंडाकडं थांबली. मी टेबलाकडं पाहून बोललो, "साहेब, दफ्तर की गलती होगी."

तिनं पदर सारखा केला. कागद गोळा केले, त्यांचे कोपरे जुळवले. बायांना म्हणाली, "चला." परतीच्या रस्त्यानं त्या पुढं चालत होत्या आणि मी मागं. दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत मी तो फार्म जाळला. तिच्या अक्षरांना जाळ लागायला वेळ लागला नाही.

पार्षद झाली ती एका ठेकेदाराची बायको. खुर्चीवर ठेकेदार बसायचा.

घरात काही बदललं नाही, हीच शिक्षा. चहात आलं तसंच, वरणात फोडणी तशीच, माझी वर्दी तशीच घडी केलेली. ती मला टोचून बोलली असती तर मी भांडलो असतो, भांडणात खरं सांडलं असतं. ती बोलली नाही. फक्त त्यानंतर तिनं माझ्या हाती कुठलाच कागद दिला नाही. विजेचं बिल, नातवाचा दाखला, सगळं स्वतः चालत जाऊन द्यायची, गुडघे सुजले तरी. आणि पाऱ्यात सून आली की महिन्याच्या आत तिच्या घरी जायची. "नाव इथं आणून घे, पोरी. आपल्या हातानं दे. पावती घे." हे ती माझ्या समोरही म्हणायची, माझ्याकडं न पाहता, चहाची कपबशी माझ्याच पुढं सरकवत. मी चहा प्यायचो. मला वाटायचं, ती विसरली. पाण्यावरची रेघ मिटली. पुरुषाला असं वाटून घ्यायला फार सोपं असते.

दवाखान्यात शेवटचे आठ दिवस तिचा हात माझ्या हातात होता. पाखडणं थांबलं होतं. खरं सांगायला मी कितीदा तोंड उघडलं. दर वेळी मी विचारलं, "पाणी देऊ काय?"

परवा मतदार यादीचं काम पाहणारी अंगणवाडीची दीदी आली. चांगली पोरगी. चप्पल काढून बसली. "दादाजी, अम्मा का नाम काटना पड़ेगा. यहाँ दस्तखत." मी सही केली. सही एका झटक्यात झाली, याची मला लाज वाटली. फुलबाई दारात उभी होती. ती पोरगी गेल्यावर पदरानं डोळे पुसून म्हणाली, "दीदी चुनाव में खड़ी होती न भैया, तो जीत जाती."

मग माझ्यानं राहवलं नाही. सांगितलं. चिंच, बिडी, पेटी, जाळ. जे चौदा वर्षं लपवलं ते चार वाक्यांत संपलं.

फुलबाई दचकली नाही. दाराची चौकट धरून उभी होती तशीच राहिली.

"मालूम है, भैया. पूरे पारा को मालूम है. दीदी तुम्हारा मुँह देखके वहीं समझ गई थी. लौटते में रस्ते में बताई."

"मग कोणी बोललं काहून नाही?"

"कसम दी थी. बोली, कोई कुछ नहीं पूछेगा. वो खुद बोलेंगे." पदर खोचत ती म्हणाली, "हर साल पूछती थी मैं, बोले क्या? बोलती थी, बोलेंगे, हिम्मत जुटा रहे हैं." आणि मग, कडक आवाजात, "अब मेरे को बोलके क्या फायदा?"

ती गेली. दुपार अंगणात उतरली होती. म्हणजे त्या साऱ्या कपबश्या, माझ्यापुढं सरकवलेली प्रत्येक कपबशी, हे विसरणं नव्हतं. ते विचारणं होतं. दवाखान्यात मी पाणी विचारलं तेव्हा तिनं एकदाही मान हलवली नव्हती, नुसतं पाहिलं होतं. ती तहान कशाची, हे मला समजलं नाही.

लोक म्हणतात वेळ निघून जाते. वेळ कुठं जात नाही, ती दारात तशीच बसून असते. तिच्या शेजारी बसून वाट पाहणारं माणूस तेवढं एक दिवस उठून जाते.