वीस बाक

टेम्पोतून शेवटचा बाक उतरला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याच्यावरून हात फिरवला. धुळीचा कणही नव्हता.

"पोरांनीच पुसले, सर," डोंगरापलीकडच्या शाळेची बाई म्हणाली. एके काळी ती त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आता तिकडची अख्खी शाळा ती एकटी चालवत होती. "आठवडाभर टेकून बसायला मिळालं. चैन झाली त्यांची."

मुख्याध्यापकांनी मान हलवली. त्यांच्या टेबलाच्या खणात कालच आलेलं मंजुरीचं पत्र होतं.

यंदापासून सरकारी अनुदान सरसकट मिळणार नव्हतं. साहेब शाळा पाहणार आणि जिची गरज मोठी तिला आधी देणार. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असं म्हणून मुख्याध्यापकांनी रडायची चोख तयारी केली. तपासणीच्या दोन दिवस आधी बाईला फोन केला. तुझे मोडके बाक पाठव, सुताराकडून दुरुस्त करून देतो, तोवर आमचे वापर. साहेब आले, लंगडे बाक पाहून हळहळले. "सर, नाटकात असता तर नाव काढलं असतंत," शिपाई म्हणाला होता, आणि दोघंही पोट धरून हसले होते.

"तुझ्याकडे साहेब पुढच्या महिन्यात येणार ना?" त्यांनी विचारलं.

"आले की. तुमच्याकडून गेले ते दुसऱ्या दिवशी आमच्याकडेच." ती टेम्पोचा दोर गुंडाळत होती. "बाक बघून खूश झाले. म्हणाले, तुमची व्यवस्था उत्तम आहे. यादीतून नाव गेलं आमचं."

"आणि ते गळकं छप्पर?"

"वर कोण बघतो, सर? पाऊस नव्हता. पोरं सरकून बसतील आणखी एक वर्ष."

"अगं, पण सांगायचं नाहीस का, बाक आमचे नाहीत म्हणून?"

तिनं दोराला गाठ मारली.

"कुणाचे, असं विचारलं असतं त्यांनी."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला पाढे शिकवले तिनं आपली अब्रू झाकली होती, आणि त्यासाठी तिच्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं होतं. शिपाई तेवढ्यात घंटेकडे काहीतरी काम काढून निघून गेला.

"आमचे कुठे ठेवलेत?" तिनं विचारलं.

व्हरांड्यात ते होते तसेच उभे होते. एकाच्या पायाखाली वीट होती. सुतार काही आला नव्हता. एक खिळासुद्धा नवा ठोकलेला नव्हता. ती सगळे बाक बघून आली.

"हे नवेच घेऊन जा तू," ते घाईघाईनं म्हणाले. "कायमचे. मी बघतो इकडचं."

"नको, सर. पुढच्या वर्षी साहेब पुन्हा येतील." ती एका लंगड्या बाकाचं टोक धरून वाकली. "तेव्हा आमचं आमच्याकडे असलेलं बरं. जरा धरता?"

त्यांनी दुसरं टोक धरलं. उचलताना सुटा पाय गळून खाली पडला. बाक टेम्पोत चढवून ती परत आली, पाय उचलून काखोटीला मारला आणि पुढच्या बाकाकडे वळली.