मी कुणाची भेट नाही

मी एक जुनी व्हीलचेअर आहे, मित्रांनो, आणि मी संतापलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणावं, अशी रीत आहे. माझ्याकडून ते होणार नाही. माझ्या डाव्या चाकाला साखळी आहे, साखळी खांबाला बांधलेली आहे आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो चहाला गेला आहे.

मी जन्मले कारखान्यात. नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर हिरवं रेक्झिन ताणलं. मला विकत घेतलं सरकारनं. सरकारनं म्हणजे कुणी? काडेपेटी घेताना, साबणाची वडी घेताना जो जो कर भरतो त्या प्रत्येकानं. तुमच्या आईबाबांनी आणि फुटपाथवर झोपणाऱ्या रिक्षावाल्यानंसुद्धा. म्हणून कोलकात्यातल्या या सरकारी रुग्णालयात आले तेव्हा मी सगळ्यांची होते. गार्डन रीचच्या गोदीत पाय चिरडलेला कामगार माझ्यावर बसला, बाळंतिणी बसल्या, धापा टाकणारे म्हातारे बसले. कुणी कुणाला विचारलं नाही की बाबा रे, तू कोणाच्या ओळखीचा?

पुढे टायर झिजले आणि मला जिन्याखाली ढकलून दिलं. मी धूळ खात पडले. तिथे मला दिगंबरनं पाहिलं. हा डमडमला राहणारा बँकेतला अधिकारी, इथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह. त्याचे वडील दिनकरराव नुकतेच गेले होते आणि त्यांच्या आठवणीसाठी त्याला काहीतरी करायचं होतं. त्यानं नवे टायर घातले, फाटलेलं रेक्झिन बदललं. मी खरंच सुखावले. पण दुसऱ्या दिवशी पेंटर आला. माझ्या पाठीवर मराठीत आणि बंगालीत पांढरी अक्षरं उमटली, ‘कै. दिनकरराव यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. आपल्या मराठी माणसाला हे सुटत नाही. तो देवळाला पंखा देतो आणि पात्यांवर नाव घालतो. पंखा फिरू लागला की ते कुणालाच वाचता येत नाही, तो भाग निराळा.

त्या अक्षरांनी माझा घात केला. भेटवस्तू हरवायला नको म्हणून साखळी आली, कुलूप आलं. जिच्यावर लोक हक्कानं बसत होते, तिच्यासाठी आता हात जोडू लागले.

आणि मग मीना आली. सियालदहच्या घाऊक बाजारात ती डोक्यावरून भाजीच्या टोपल्या वाहायची. सडक्या पानांवरून घसरून पडली होती. तिचा नवरा अरुण तिला पाठीवर घेऊन आला होता. एक्स-रेची खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं किल्ली सांभाळणाऱ्या हेमंतला खुर्चीसाठी बंगालीत विनवलं, “दादा, चेयारटा दिन ना!”

“ये दान का चेयर है,” हेमंत म्हणाला. “दानवाला लोग पूछेगा तो हम क्या बोलेगा?”

अरुणनं तिला माझ्याजवळ फरशीवर टेकवलं. तिनं पदर दातांत धरला होता. मी वीतभर अंतरावर रिकामी उभी होते, मित्रांनो. रिकामी!

तेवढ्यात दिगंबर आला. त्याच्या खांद्याला धरून त्याची आई सुहासिनीबाई लंगडत येत होत्या. लोकलमधून उतरताना त्यांचा पाय मुरगळला होता. बाई कोलकात्यातच जन्मलेल्या, सारा जन्म इथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेलेला. दिगंबरला पाहताच हेमंतनं धावत येऊन कुलूप उघडलं. “आइए सर, आपका ही चेयर है.”

“बघ आई, बाबांची खुर्ची,” दिगंबर फुलून म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फरशीवरच्या मीनाकडे पाहिलं. त्या बसल्या नाहीत.

“दिगू, ही विकत कुणी घेतली होती?”

“सरकारनं. आपण टायर बदलले.”

“मग तू भेट कसली दिलीस? लोकांचीच वस्तू लोकांना? अरे, म्हातारपणी, आजारपणात, पांगळेपणात सरकारनं मदत करावी, असं राज्यघटनेत लिहिलंय. एकेचाळिसावं कलम.”

“आई, ती मार्गदर्शक तत्त्वं. कोर्टात नाही मागता येत ती.”

“आणि कोर्टाचं जिथे लिहिलंय, त्याच वाक्यात पुढे काय लिहिलंय? ही तत्त्वं देशाच्या कारभाराचा पाया आहेत म्हणून! ते कुणी वाचायचं? कोर्टात मागता येत नाही म्हणून बाईनं फरशीवर पडायचं का रे? आधी तिला बसव.”

दिगंबरनं आणि अरुणनं मीनाला उचलून माझ्यावर बसवलं. मी धावले, जितकं धावता येतं तितकं. पण डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड मोडलं होतंच, पाठीवरून आणताना ते आणखी सरकलं. आता डोक्यावर टोपली घेणं विसरा. मीना रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “मग खायचं काय?”

मी परतले तेव्हा बाई बाकावर थांबल्या होत्या. त्यांनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि माझ्या पाठीवरची अक्षरं खरवडायला लागल्या.

“आई, बाबांचं नाव आहे ते,” दिगंबर त्यांचा हात धरत म्हणाला.

“म्हणूनच. जन्मभर सरकारी नोकरी केली त्यांनी. लोकांची टाचणी घरी आणली नाही.” नवऱ्याचं नाव पुसताना त्या रडत होत्या, तरी थांबल्या नाहीत. शेवटी दिगंबरनंच किल्ली हातात घेतली आणि उरलेलं खरवडलं. मला खरचटलं, पण दुखलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी कशाला चिडले असते? दुसऱ्याच दिवशी हेमंतनं साखळी पुन्हा अडकवली. म्हणे, आता ही सरकारी झाली, सरकारी वस्तू चोरीला जाते!

तेव्हा मित्रांनो, माझी कीव करू नका. मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. पण कधी इथे आलात, आणि फरशीवर कुणी कण्हत असेल, तर हात जोडू नका. मेहरबानी हा शब्द तोंडातून काढू नका. ताठ उभे राहून सांगा, आमची खुर्ची सोडा. आणि किल्लीवाला चहाला गेला असेल, तर चहाच्या टपरीपर्यंत जा.