बैठकीतलं उरलेलं

"त्या घरात शीतही वाया जात नाही म्हणतात. मग उरलेलं जातं कुठे, पाहिलंस कधी?" लेकीच्या सासरची प्रार्थनेची बैठक पहिल्यांदा पाहून निघताना आईने विचारलं होतं. "आई, तुला जिथेतिथे खोट दिसते," म्हणत लेकीने, त्या घरच्या धाकट्या सुनेने, ते हसण्यावारी नेलं.

बैठकीनंतरच्या जेवणाचं कौतुकच तसं होतं. परसातल्या भाज्या, कडधान्यं, बेताचं तेल-मीठ. प्लास्टिकचा मागमूस नाही. साली-देठं खताच्या खड्ड्यात. "धरती देवाची, तिला ओरबाडून जेवायचं नाही," सासूबाई सांगत आणि पाहुणे माना डोलवत. नियम एकच. प्रार्थना झालेलं शिजलं अन्न खड्ड्यात टाकायचं नाही, ते माणसाच्याच पोटात गेलं पाहिजे.

ते पोट थोरल्या जावेचं होतं. नवरा गेल्यापासून तिचं ताट कुणी वाढलंच नव्हतं.

एका उकाड्याच्या सकाळी धाकटी बाळाचं दूध ओतून देत होती. थोडा वेळ उघडं राहिलं होतं ना. शेजारी थोरली कालच्या बैठकीतल्या चवळीवरचा फेस चमच्याने बाजूला सारत होती.

"ताई, वास येतोय त्याला."

"जरा आंबलंय, एवढंच. अगं, या घरात खड्डे दोन. एक परसात, एक हा." थोरलीने पोटावर हात ठेवला.

धाकटी हसली. मग तिला थोरलीचं मनगट दिसलं, नुसतं हाड. बाळाचं वजन वारंवार करून बघणाऱ्या तिला हे कधी झालं ते कळलंच नव्हतं.

दुपारी उलट्या करकरून थोरली मोरीत कोसळली. हाकेला ओ देईना.

"देवाचं अन्न बाधत नाही," सासूबाई दारातून म्हणाल्या. "डॉक्टरांकडे बैठकीचं काढू नकोस. चार लोकांत शोभा होईल."

धाकटीने डॉक्टरांना चवळीसकट सगळं सांगितलं.

पुढच्या बैठकीत पाहुणे हात धुत असताना तिने उरल्या कडधान्याचं पातेलं उचललं आणि सगळ्यांदेखत खड्ड्यात पालथं केलं.

"सूनबाई, पाप आहे ते."

"असेल, सासूबाई. माझ्या माथी असू द्या. यापुढे मोजकंच शिजेल, आणि ताई सगळ्यांबरोबर पंगतीत बसतील."

थोरलीची पंगतीतली जागा अजून रिकामीच आहे. दवाखान्यात ती मधूनच डोळे उघडते. तिच्या मूत्रपिंडांबद्दल सांगताना डॉक्टर आवाज खाली आणतात.

वाचकहो, तुमच्याकडेही असं साधं, सकस अन्न देवाच्या नावाने वाटलं जात असेल. जरूर वाटा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता स्वयंपाकघरात डोकवा. कुणीतरी उभ्याउभ्याच खात असेल. तिला विचारा, हे कधीचं आहे? आणि "मला चालतं" म्हणाली, तर तेवढ्यावर माघारी फिरू नका.