धाकटीची मुलाखत

थोरली आणि धाकटी जुळ्या. एक जरा आधी आली म्हणून थोरली, दुसरी तिच्या पाठोपाठ, म्हणून धाकटी. चेहरे एकाच साच्यातून काढलेले. धाकटीला चष्मा नसता तर सख्ख्या मावशीचीही फसगत झाली असती. पण तोंड उघडलं की फरक लगेच कळायचा. थोरलीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की झोपेतच बंद व्हायचा. धाकटी अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच रुतून बसायचं. मग थोरली तिचं वाक्य पुरं करून टाकायची, आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. धाकटीला कसं वाटायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

बाबा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. परदेशात एका मोठ्या इस्पितळाचं काम कंपनीला मिळालं आणि त्यावर त्याची नेमणूक झाली. चांगली काही वर्षं तिथंच राहायचं होतं. इथल्या त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस येऊन बसलाही होता. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिनेही नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकलं होतं. घरमालकालाही कळवून झालं होतं. राहता राहिली मुलींची शाळा.

तिथल्या शाळा तिथल्या भाषेतल्या, आणि मुलींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळा, आणि त्यांच्या सहावीच्या वर्गासाठी ही भली मोठी रांग. प्रगतिपुस्तकं, जुन्या बाईंची शिफारस, लसींचे दाखले, वर ‘आमचं मूल कसं आहे’ यावर आईबापांनी लिहायचा निबंध. दुकानातून आली की आई त्यातच डोकं घालून बसायची. दोन शाळांत जागाच नव्हती. तिसरीने व्हिडिओवरून मुलाखत घेतली. थोरली धो धो बोलली. धाकटी स्वतःच्या नावापाशीच अडकली. समोरचे सर हसून म्हणाले, “सावकाश, सावकाश,” आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं. उत्तर आलं ते असं : मोठीला आनंदाने घेऊ; धाकटीला लागेल तशी मदत करायला आमच्याकडे माणसं नाहीत.

धाकटीने ते वाचलं आणि गणितं सोडवत बसली. जेवायला हाक मारली तरी उठेना.

चौथ्या शाळेत सहावीत दोन जागा रिकाम्या झाल्या. दोघींची मुलाखत व्हिडिओवरच, एकाच सकाळी, पाठोपाठ. बाबा स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. तो हळूच म्हणाला, “थोरलीलाच दोनदा बसवू.”

“म्हणजे?”

“आधी थोरली म्हणून. मग चष्मा लावून, केस मागे बांधून, धाकटी म्हणून. कोण ओळखणार आहे?”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“मग तू सुचव काहीतरी. एकीला नेऊ आणि एकीला ठेवू? कुणाकडे? अगं, पोरगी हुशार आहे. एकदा आत गेली की तिला कुणी अडवणार नाही. फक्त आत जायला हवी.”

आईने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे घड्याळाकडे बघणारे ते सर आले. पुन्हा कुणापुढे पोरीला तसं बसवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“तिला कळता कामा नये,” ती म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आपण हो म्हणून बसलो.

धाकटीला सांगितलं, तुझी मुलाखत पुढच्या आठवड्यात. चष्म्याच्या काड्या सैल झाल्यात, घट्ट करून आणते, म्हणून आईने चष्मा काढून घेतला, तिला जुना दिला आणि शेजारच्या काकूंकडे धाडलं. थोरलीचं तोंड एवढंसं झालं होतं. “तिला न सांगताच?”

“तिच्यासाठीच चाललंय ना सगळं,” बाबा म्हणाला.

पहिली मुलाखत झकास झाली. प्रवेशाचं बघणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या होत्या, आवाज मऊ. थोड्या वेळाने थोरली पुन्हा बसली. या वेळी केस बांधून, चष्मा लावून. त्या काचांतून तिला समोरचं सगळं पुसट दिसत असणार.

“तुझं नाव काय?” बाईंनी विचारलं.

थोरलीच्या पापण्या फडफडल्या, टेबलाखाली मूठ आवळली गेली. “म... म... माझं...”

बाजूला बसलेली आई पुढे झुकली. हुबेहूब धाकटी! बाबा कॅमेऱ्याच्या मागून हातवारे करू लागला, सरळ बोल म्हणून. थोरलीने तिकडे बघितलंच नाही. अडकत, थांबत तिने नाव सांगितलं. बाई हनुवटी हातावर टेकवून ऐकत होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“तुला काय आवडतं?”

“ग... गणित. त्यात ब... बोलावं लागत नाही.”

बाई मनापासून हसल्या. “आणि काय आवडत नाही?”

थोरलीने नाकावरून घसरणारा चष्मा वर सारला. “ब... बहीण माझं वाक्य पुरं करते, ते.”

आईने सहज मान वळवली, तर दारात धाकटी उभी. काकूंना अचानक बाहेर जावं लागलं म्हणून परत आलेली. आपला चष्मा आणि आपलं अडखळणं बहिणीच्या चेहऱ्यावर बघत ती उभी होती. आई उठेपर्यंत ती आतल्या खोलीत निघून गेली. दारही आपटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शाळेचं उत्तर आलं. दोघींनाही प्रवेश! धाकटीबद्दल बाईंनी मुद्दाम लिहिलं होतं, की तिला बोलायला लागेल तेवढा वेळ आम्ही देऊ, अशी मुलगी आमच्या वर्गात हवीच आहे. “सुटलो एकदाचे!” म्हणत बाबा खुर्चीत रेलला. थोरली हुंदके देऊन रडायला लागली.

धाकटीने बोलणंच टाकलं होतं. थोरली तिच्या मागे मागे फिरायची. “मी तुला चिडवत नव्हते गं! मला त्यांच्यापुढे तू वाटायला हवी होतीस. मी सरळ बोलले असते तर तू उरलीच नसतीस.” धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

शेवटी एका दुपारी आई बॅगेत कपडे भरत असताना ती येऊन उभी राहिली. “त... त्यांनी मला घेतलं नाही. त... तिला घेतलं.”

“अगं, तुलाच तर—”

“म... मी बोलतेय.”

आईने हातातला सदरा खाली ठेवला.

“म... मी बसले असते, तर घ... घेतलं असतं का त्यांनी? आता ते क... कसं कळणार?”

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत बसून आईने शाळेत फोन लावला आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. धाकटीला खरोखर एकदा भेटा, अशी विनवणीही केली.

“मुलींवर माझा राग नाही,” बाई म्हणाल्या. “पण आमचं नातं आईबापांशीही असतं. मला मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल.”

दोन्ही जागा गेल्या. बाबा शाळेचं पत्र वाचून पांढराफटक पडला. “मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि मी पुन्हा तुझं ऐकलं असतं.”

तो जेवणावरून उठून गेला. पुढचे कितीतरी दिवस घरात कामापुरतंच बोलणं चाललं. दुकानाने आईच्या जागी नवी मुलगी घेतली होती; आईला अर्ध्या वेळेचं काम मिळालं. सोडलेलं घर परत मिळालं नाही, म्हणून तिघींसाठी लहान घर बघितलं. बाबा एकटाच निघाला.

विमानतळावर थोरली त्याच्या गळ्यात पडून रडली. धाकटी मात्र अंतर राखून उभी होती. मग म्हणाली, “बाबा, त... ति...”

“तिथून रोज फोन करीन, बाळा.”

तिने जोरात मान हलवली. “न... नाही. त...”

मागचे लोक गाड्या ढकलत होते, कुणीतरी चुकचुकलं. थोरलीचे ओठ हलले आणि तिने ते दाताखाली धरले. बाबाने सामानाची गाडी बाजूला घेतली आणि तो थांबला.

“त... तिथल्या बाईंना सांग. मला ए... एकदा बघा म्हणावं. मलाच.”

“ऐकतील का गं त्या?”

“तू स... सांग तर.”

बाबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मग तो आत गेला.

परतताना टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांना, आई मधे. थोरलीच्या बाजूची काच उघडी होती आणि धूर आत येत होता.

“क... काच लाव ना,” धाकटी म्हणाली. त्या सकाळनंतर बहिणीशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

थोरलीने काच लावली आणि एक शब्दही न बोलता ती बाहेर बघत राहिली.